दिव्यांच्या अवसेचं सूर्यग्रहण: २ ऑगस्ट २०२७ आणि १८ वर्षांचा हिशेब

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशी दुपारी पावणेचारच्या सुमारास मुंबईच्या आकाशात सूर्याच्या खालच्या कडेला चंद्र टेकेल. चार वाजून बेचाळीस मिनिटांच्या आसपास सूर्य सर्वांत जास्त झाकलेला असेल आणि साडेपाचच्या सुमारास तो मोकळा होईल. पंचांगाच्या भाषेत हे स्पर्श, मध्य आणि मोक्ष. संध्याकाळी दिवे उजळायची वेळ होईल तेव्हा सूर्यबिंब पुन्हा पूर्ण गोल झालेलं असेल.

महाराष्ट्र आणि गोव्यातून हे ग्रहण खंडग्रास आहे. इजिप्तमधल्या लक्झरजवळ हेच ग्रहण खग्रास आहे आणि तिथे सूर्य तब्बल ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकलेला राहील. एकविसाव्या शतकात याहून लांबलेलं खग्रास ग्रहण एकच, २२ जुलै २००९ चं. ही दोन्ही ग्रहणं एकाच घराण्यातली आहेत आणि हा लेख मुख्यतः त्या घराण्याबद्दल आहे. पण आधी आपल्या वाट्याला नेमकं काय येतं ते पाहू.

चंद्राच्या सावलीचे दोन भाग असतात. मधली गडद छाया लहान असते. या वेळी पृथ्वीवर तिचा पट्टा जेमतेम २५८ किलोमीटर रुंद आहे. तो अटलांटिकमधून निघून स्पेनचं दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका, लक्झर, जेद्दा, मक्का, येमेन आणि सोमालियाचं टोक ओलांडत हिंदी महासागरात जातो. जेद्दाला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा पट्टा घराच्या गच्चीवर मिळणार आहे. या गडद छायेभोवती विरळ छायेचं मोठं वर्तुळ असतं, त्याची त्रिज्या सुमारे ३,४०० किलोमीटर. भारत त्या वर्तुळात येतो. गडद पट्टा आपल्या नैर्ऋत्येला असल्यामुळे जितकं दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे जावं तितका ग्रास मोठा. म्हणून पणजीत सूर्याच्या व्यासाचा सुमारे ४९ टक्के भाग झाकला जाईल, मुंबईत सुमारे ४३, पुण्यातही जवळपास तितकाच आणि नागपुरात सुमारे २९.

इथे एक गफलत नेहमी होते. वरचे आकडे व्यासाचे आहेत. पंचांगात ज्याला ग्रासमान म्हणतात ते हेच. झाकलेलं क्षेत्रफळ त्याहून कमी भरतं: मुंबईत व्यासाचे ४३ टक्के म्हणजे क्षेत्रफळाचे साधारण ३२, पणजीत ३९, नागपुरात १८. दोन बातम्यांत दोन वेगळे आकडे दिसले तर बहुतेक वेळा एकाने व्यास घेतलेला असतो आणि दुसऱ्याने क्षेत्रफळ. उजेड किती कमी होईल हे क्षेत्रफळावर ठरतं. घराच्या छपरावर सौर पॅनल असतील आणि आकाश मोकळं असेल, तर पावणेपाचच्या सुमारास ॲपमधल्या आलेखात जवळपास एक तृतीयांशाची खळगी दिसेल.

डोळ्यांना मात्र ती घट जवळजवळ जाणवणार नाही. बाहुली उजेडानुसार लहानमोठी होते आणि मेंदूही सांभाळून घेतो. सूर्याचा एक तृतीयांश भाग झाकला गेला तरी दुपार दुपारसारखीच दिसते. अंधार नाही, तारे नाहीत, पाखरं घरट्याकडे परतणं नाही. ‘सहा मिनिटं अंधार’ हा मजकूर त्या आठवड्यात पुन्हा फिरेल. तो लक्झरचा आहे, लातूरचा नाही.

असाच मजकूर २०२५ मध्ये ‘२ ऑगस्टला जग अंधारात बुडणार’ म्हणून फिरला होता. कुणीतरी दोन वर्षं आधीची तारीख लावली आणि तो जगभर पसरला. तो खोटा ठरवायला वेधशाळा लागत नव्हती, भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं होतं. सूर्यग्रहण फक्त अमावस्येला होतं. २०२५ च्या जुलैतली अमावस्या २४ तारखेला होऊन गेली होती आणि २ ऑगस्टला शुक्ल पक्ष अर्ध्यावर आला होता. त्या दिवशी चंद्र सूर्यापासून आकाशात कितीतरी लांब होता.

दर अमावस्येला का नाही?

एकाच मापाच्या दोन बांगड्या एकमेकींत तिरक्या अडकवल्या, तर त्या बरोबर दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. एक बांगडी म्हणजे आकाशातली सूर्याची वार्षिक वाट, दुसरी चंद्राची मासिक वाट. दोन्हींमधला कल सुमारे ५ अंश. सूर्यबिंब दिसतं अर्ध्या अंशाचं. म्हणजे अमावस्येला चंद्र सूर्याजवळून जाताना दहा सूर्यबिंबं मावतील इतका वर किंवा खाली असू शकतो. बहुतेक अमावस्यांना तेच होतं आणि सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून अवकाशात निघून जाते.

बांगड्या छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. खगोलशास्त्रात त्यांना चंद्राचे पात म्हणतात. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना सूर्याची वाट ओलांडतो तो राहू, उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना ओलांडतो तो केतू. हे कुणी ग्रह नाहीत, तिथे दगड-मातीचं काहीही नाही. पण ग्रहण होण्यासाठी अमावस्या त्यांच्यापैकी एकाच्या जवळ घडावी लागते, ही जुनी समजूत अगदी बरोबर आहे. २०२७ चं ग्रहण केतूपाशी होणार आहे. म्हणूनच त्या दिवशी सावलीचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जातो.

‘जवळ’ म्हणजे किती, यालाही माप आहे. पातापासून सूर्य साधारण १५ ते १८ अंशांच्या आत असेल तर कुठे ना कुठे निदान खंडग्रास ग्रहण होतं. सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो. म्हणून पाताच्या अलीकडे-पलीकडे मिळून ही मुभा ३१ ते ३७ दिवस टिकते. अमावस्या येते दर साडेएकोणतीस दिवसांनी. जाळं ३१ दिवसांचं आणि मासा २९ दिवसांचा असल्यामुळे प्रत्येक ग्रहणहंगामात निदान एक सूर्यग्रहण अडकतंच. पात दोन असल्यामुळे वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणं ठरलेली. कमाल पाच होऊ शकतात, तशी १९३५ मध्ये झाली होती.

पात स्थिर नसतात. ते मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत पूर्ण फेरा करतात. त्यामुळे सूर्य एका पातापासून निघून पुन्हा त्याच पाताशी ३६५ नव्हे, ३४६.६ दिवसांतच पोहोचतो. दर वर्षी ग्रहणांचा हंगाम एकोणीसेक दिवस अलीकडे येतो तो यामुळे. २०२७ चा दुसरा हंगाम चांगला भरलेला आहे: १८ जुलैच्या पौर्णिमेला छायाकल्प चंद्रग्रहण (यात चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ छायेतून जातो), २ ऑगस्टच्या अमावस्येला आपलं सूर्यग्रहण आणि १७ ऑगस्टच्या पौर्णिमेला पुन्हा छायाकल्प चंद्रग्रहण. त्याआधीचा हंगाम फेब्रुवारीत, ६ तारखेच्या कंकणाकृती सूर्यग्रहणाचा. ६ फेब्रुवारी ते २ ऑगस्ट म्हणजे १७७ दिवस, बरोबर सहा चांद्रमास.

तीन महिने एकाच चौकात

ग्रहण हुबेहूब पुन्हा घडायचं असेल तर तीन अटी एकदम जुळायला हव्यात. पुन्हा अमावस्या हवी. चंद्र पुन्हा त्याच पातापाशी हवा. आणि चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतरही साधारण तितकंच हवं, नाहीतर खग्रासचं कंकणाकृती होईल. या तिन्हींचे चंद्राचे महिने वेगवेगळ्या लांबीचे आहेत. अमावस्या ते अमावस्या २९.५३०६ दिवस. पात ते तोच पात २७.२१२२२ दिवस. पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून, म्हणजे उपभूपासून, पुन्हा उपभूपर्यंत २७.५५४५५ दिवस.

आता गुणाकार करून पाहावा, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेल. पहिल्या प्रकारचे २२३ महिने म्हणजे ६५८५.३२ दिवस. दुसऱ्या प्रकारचे २४२ महिने म्हणजे ६५८५.३६ दिवस. तिसऱ्या प्रकारचे २३९ महिने म्हणजे ६५८५.५४ दिवस. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले तीन महिने १८ वर्षं चालून जवळजवळ एकाच वेळी एका चौकात येतात. यामागे कोणताही नियम नाही, निव्वळ आकड्यांचा योग आहे. तरीही खगोलशास्त्रातला इतका कामाचा योग दुसरा सापडणं कठीण.

या कालखंडाला सॅरोस म्हणतात: १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तास. मध्ये पाच लीप वर्षं आली तर ११ ऐवजी १० दिवस. वर्षाच्या हिशेबात ते अवघे १०-११ दिवस पुढे असल्यामुळे ऋतू तोच राहतो आणि पृथ्वी-सूर्य अंतरही जवळपास तेच राहतं. बाबिलोनच्या निरीक्षकांना चंद्रग्रहणांच्या नोंदींतून हा आकडा सापडला होता. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा या प्राचीन ग्रीक यंत्राच्या मागच्या बाजूला २२३ घरांची तबकडी आहे ती याच हिशेबाची. ‘सॅरोस’ हे नाव मात्र एडमंड हॅली याने १६९१ मध्ये चुकीच्या समजुतीतून दिलं आणि ते चिकटलं.

आपल्याकडच्या परंपरेने वेगळी वाट धरली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं. त्यात सूर्य, चंद्र आणि पात यांच्या जागा प्रत्येक वेळी नव्याने काढायच्या, तेही ज्या-कोज्यांच्या कोष्टकांशिवाय, अशी सोय आहे. महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या त्यावर चालली. जुन्या ग्रहणात १८ वर्षं मिळवण्यापेक्षा ही रीत जास्त कष्टाची, पण ती आपल्या गावातून काय दिसेल तेही सांगते. सॅरोस ते सांगत नाही. कारण त्याच्या शेपटीला चिकटलेले आठ तास.

आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरा फिरते. त्यामुळे पुढचं ग्रहण सुमारे १२० अंश पश्चिमेला सरकतं. आपल्या घराण्यातच पाहा. २२ जुलै २००९ चं खग्रास ग्रहण भारतात सूर्योदयाच्या वेळचं होतं. सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा हा पट्टा अनेकांना आठवत असेल आणि त्या सकाळचे पावसाळी ढगही. त्यात १८ वर्षं ११ दिवस मिळवले की येतो २ ऑगस्ट २०२७. आठेक तास पुढे ढकलल्यामुळे खग्रास पट्टा आफ्रिकेत गेला आणि आपल्याकडे सकाळचं ग्रहण संध्याकाळकडे कललं. त्याच्यापुढचं १२ ऑगस्ट २०४५ चं. आणखी आठेक तास. तेव्हा भारतात रात्र असेल आणि पट्टा अमेरिकेवरून जाईल. योगायोगाने २००९ चं ग्रहणही दिव्यांच्या अवसेलाच झालं होतं.

तीन सॅरोस एकत्र केले की आठ-आठ तासांचे मिळून एक पूर्ण दिवस होतो आणि ग्रहण जवळपास त्याच रेखांशांवर परततं. हे चक्र ५४ वर्षं आणि महिनाभराचं. २ ऑगस्ट २०२७ च्या मागे जा: ३० जून १९७३, पट्टा आफ्रिकेवर. आणखी मागे: २९ मे १९१९, पट्टा ब्राझीलपासून आफ्रिकेपर्यंत. हे तेच ग्रहण, ज्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल इथे ताऱ्यांच्या जागा मोजत होती. सूर्याजवळून येणारा प्रकाश आइनस्टाइनने सांगितला तितका वाकतो का, ते त्यातून तपासलं गेलं. दिव्यांच्या अवसेला आपण पाहणार आहोत ते त्या ग्रहणाचं सहावं रूप.

भारतासाठी याहून जवळचं उदाहरण १६ फेब्रुवारी १९८० चं आहे. त्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटक, आंध्र, ओडिशा असा गेला होता. त्यात तीन सॅरोस मिळवा: २० मार्च २०३४. हा पट्टाही भारतात येतो, पण लडाख-काश्मीरच्या बाजूने. रेखांश जुळले, अक्षांश वर सरकले. का सरकले?

घराणं जन्मतं, वाढतं, संपतं

६५८५.३२ आणि ६५८५.३६ हे आकडे पुन्हा पाहा. दुसऱ्या दशांश स्थळावरचा तो फरक म्हणजे सुमारे ५२ मिनिटं. २२३ चांद्रमास पूर्ण होऊन अमावस्या होते तेव्हा चंद्राला पातापर्यंत पोहोचायला अजून ५२ मिनिटं शिल्लक असतात. त्यामुळे दर वेळी ग्रहण पाताच्या तुलनेत जवळपास अर्धा अंश मागे पडतं. केतूपाशी होणाऱ्या ग्रहणांत पट्टा दर वेळी उत्तरेकडे सरकत जातो, राहूपाशी होणाऱ्यांत दक्षिणेकडे. वर दिलेला १९८० ते २०३४ चा सरकाही केतूपाशीचाच.

मुभा ३५ अंशांच्या आसपास, सरकणं दर वेळी अर्धा अंश. भागाकार केला की सत्तरेक ग्रहणं. एका घराण्याचं आयुष्य इतकंच असतं. आपल्या घराण्याचा क्रमांक १३६. त्याची सुरुवात १४ जून १३६० ला दक्षिण ध्रुवाकडच्या एका चिमुकल्या खंडग्रास ग्रहणाने झाली आणि शेवट ३० जुलै २६२२ ला उत्तर ध्रुवाकडे तसाच होईल. यातली एकूण ७१ ग्रहणं आधी खंडग्रास, मग कंकणाकृती, मग काही संमिश्र (पट्ट्यात कुठे कंकणाकृती, कुठे खग्रास) आणि १७२१ पासून खग्रास अशी बदलत आली. २०२७ चं त्यातलं ३८ वं. अशी चाळीसेक घराणी एकाच वेळी चालू असतात. म्हणून ग्रहणं दर सहा महिन्यांनी येतात, १८ वर्षांनी एकदा नव्हे.

१३६ क्रमांकाचं घराणं लांब खग्रासांसाठी ओळखलं जातं. १९५५ मध्ये ७ मिनिटं ८ सेकंद, विसाव्या शतकातलं सर्वांत लांब. १९७३ मध्ये ७ मिनिटं ४ सेकंद, १९९१ मध्ये ६:५३, २००९ मध्ये ६:३९, आता ६:२३ आणि २०४५ मध्ये ६:०६. लांबीचं कारण दुहेरी आहे. ग्रहणाच्या दिवशी चंद्र उपभूजवळ, म्हणून बिंब मोठं. आणि जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, म्हणून सूर्य किंचित लहान. दर सॅरोसला तारीख दहा-अकरा दिवस पुढे जाते, जुलै मागे पडतो, सूर्यबिंब मोठं होऊ लागतं आणि खग्रासाची सेकंदं गळत जातात.

दोन चक्रांशी सॅरोसची गल्लत होते. एक म्हणजे वर आलेला पातांचा १८.६ वर्षांचा फेरा. आकडा जवळचा असला तरी तो वेगळा आहे, त्यात अमावस्येचा संबंध नाही. दुसरं १९ वर्षांचं चक्र, ज्यात तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जुळतात. १ ऑगस्ट २००८ ला आषाढ अमावस्या होती आणि सूर्यग्रहणही होतं. बरोबर १९ वर्षांनी २ ऑगस्ट २०२७. हे पाहून १९ वर्षांचा नियम पक्का वाटतो. पण या चक्रात पाताशी फरक दर वेळी साडेसात अंशांचा पडतो, त्यामुळे चार-पाच ग्रहणांत साखळी तुटते. शिवाय २००८ आणि २०२७ ची घराणी वेगळी आहेत.

हाताने करून पाहण्यासाठी एक गणित. २५ ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीत मावळत्या सूर्याचं खंडग्रास ग्रहण महाराष्ट्रातून दिसलं होतं. त्यात १८ वर्षं मिळवा. मधली लीप वर्षं २०२४, २०२८, २०३२, २०३६, २०४०, म्हणजे पाच. म्हणून १० दिवस: ४ नोव्हेंबर २०४०. त्या दिवशी खरोखर खंडग्रास ग्रहण आहे. पण आठ तासांनी ते अमेरिकेकडे नेलंय, आपल्या वाट्याला नाही.

पाहायचं कसं

सगळ्यात मोठी अडचण सूर्याची नाही, पावसाची आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला कोकण आणि घाटमाथा ढगांखाली असतो. ग्रास कोकण-गोव्यात जास्त, पण उघडीप मिळायची आशा सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या प्रदेशात जास्त: माण, आटपाडी, सांगोला, सोलापूर. चार-सहा टक्के ग्रास कमी झाला तरी चालेल, मोकळं आकाश महत्त्वाचं. ग्रहण पावणेदोन तासांचं आहे, त्यामुळे ढगांतली दहा मिनिटांची फटही पुरते. तयारी मात्र आधीच झालेली हवी.

जागा निवडताना पश्चिम मोकळी पाहावी. मुंबईच्या अक्षांशावर स्पर्शाच्या वेळी सूर्य ४८ अंश उंच असेल, मध्याला ३४ आणि मोक्षाला बावीसेक. दिशा पश्चिमेपासून किंचित उत्तरेला. शेजारच्या इमारती उंच असतील तर गच्चीवर जावं. चंद्र आधी सूर्याच्या खालच्या कडेला खाच पाडेल, मध्याला ती खाच खाली डावीकडे असेल आणि शेवटी डावीकडून निघून जाईल. सुरुवातीला वरच्या कडेकडे बघत राहणाऱ्यांचा स्पर्श हुकतो.

थेट पाहायला ग्रहणचष्माच हवा, आयएसओ १२३१२-२ या मानकाचा. त्यातून एक लाखात तीन-साडेतीन भागांहून जास्त प्रकाश जात नाही. वापरण्यापूर्वी तो घरातल्या एलईडी बल्बसमोर धरावा: दिवा अगदी मंद दिसला किंवा दिसलाच नाही तर ठीक. आतली वस्तू, भिंत, खिडकी दिसली तर चष्मा निकामी. घडी पडलेला, ओरखडा गेलेला, टाचणीएवढं भोक पडलेला चष्मा सरळ फेकून द्यावा. वेल्डिंगची १४ नंबरची काचही चालते, पण गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बहुधा १० किंवा ११ नंबर असतो, तो चालत नाही.

न चालणाऱ्या गोष्टींची यादी जुनीच आहे: एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, साधे गॉगल, दोन गॉगल एकावर एक. यातून सूर्य मंद दिसतो म्हणून सुरक्षित वाटतो. पण डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही. पडदा भाजला तरी त्या क्षणी काहीही दुखत नाही, दृष्टीच्या मध्यावर डाग पडल्याचं काही तासांनी लक्षात येतं. परातीत पाणी घेऊन त्यातलं प्रतिबिंब बघण्याची पद्धत घरोघरी आहे, तीही धोक्याची. मध्याच्या वेळी सूर्य ज्या उंचीवर असेल तिथून पाणी सुमारे चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतं. चष्म्याच्या मर्यादेच्या हजारपटीहून जास्त. पातळ ढगाआडून दिसणाऱ्या फिकट सूर्याचंही तेच: ढग कधी सरकेल सांगता येत नाही, तेव्हाही चष्मा हवाच. दुर्बिणीला फिल्टर लावायचा तो पुढच्या, मोठ्या भिंगावर. डोळ्याकडच्या भिंगावर लावलेला फिल्टर गोळा झालेल्या उष्णतेने तडकतो. ग्रहणचष्मा घालून साध्या दुर्बिणीतून बघणंही तितकंच वाईट.

मुलं जास्त असतील तर सूर्याकडे पाठ करण्यातच शहाणपण. पुठ्ठ्याला १ ते २ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्याची सावली दीड-दोन मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर पाडा. प्रतिमेचं माप सोपं: अंतर भागिले १०९. एका मीटरला ९ मिलिमीटर, दोन मीटरला १८. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मोठं भोक आणि कमी अंतर. ५ मिलिमीटरचं भोक कागदापासून अर्ध्या मीटरवर धरलं तर सूर्याची प्रतिमा साडेचार मिलिमीटरची, म्हणजे भोकाहूनही लहान. मग कागदावर फक्त भोकाचाच आकार दिसतो, ग्रास पुसला जातो. अंतर वाढवलं की सुधारतं. भोकातून पडलेली प्रतिमा उलटी असते, त्यामुळे सूर्याची खालची खाच कागदावर वरच्या बाजूला दिसेल. घरातला झारा किंवा पुरणाची चाळण उंच धरली तर अंगणात एकाच वेळी डझनावारी खाचा पडलेले सूर्य उमटतात. आंब्या-पिंपळाखालच्या कवडशांतही तेच दिसतं, फक्त तिथे एरवीही ते गोल ठिपके सूर्याच्याच प्रतिमा असतात हे आपल्या लक्षात येत नाही.

वर्गासाठी सर्वांत उत्तम आरशाची पद्धत. लहान आरशावर कागद चिकटवून त्यात ५ मिलिमीटरचं भोक ठेवा, आरसा पश्चिमेच्या खिडकीत किंवा दाराबाहेर विटेच्या आधाराने बसवा आणि कवडसा दहा मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. तिथे ९ सेंटिमीटरचा सूर्य दिसेल, शंभर मुलांना एकदम. आरसा हातात धरला तर प्रतिमा थरथरते, म्हणून तो टेकवूनच ठेवावा. सूर्य सरकतो तसा कवडसाही सरकतो, दर एक-दोन मिनिटांनी आरसा हलवायला एक जण बाहेर हवा. भिंतीकडून आरशाकडे कुणी बघू नये.

वेळा पाहताना एक खबरदारी. बातम्यांत अनेकदा संपूर्ण पृथ्वीसाठीच्या वेळा छापल्या जातात. त्या हिशेबाने हे ग्रहण भारतीय वेळेनुसार दुपारी १ ला सुरू होऊन संध्याकाळी सव्वासहापर्यंत चालतं. त्या वेळा अटलांटिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या आहेत, आपल्या गावच्या नाहीत. गावाची मिनिटं हवी असतील तर कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरची शहरवार कोष्टकं पाहावी. आणि ग्रहणकाळात अन्न बिघडत नाही, पाणी दूषित होत नाही, गर्भाला कसलाही अपाय होत नाही. सूर्याचे किरण रोजचेच असतात, फक्त थोडे कमी.

ढगांनी दगा दिलाच तर पुढच्या दोन तारखा लिहून ठेवाव्या. २१ मे २०३१ चं ग्रहण केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि महाराष्ट्रात खंडग्रास आहे, तेही पावसाळ्याआधी. त्यानंतर २० मार्च २०३४, स्वच्छ आकाशाच्या दिवसांतलं.